डोंगर, स्वयंपाकघर आणि तळं : यीस्टवरून माणसाबद्दल काय कळतं?



मागचं व्याख्यान संपल्यावर एक बाई आमच्याजवळ येऊन थांबल्या होत्या. त्यांच्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर झालेला. शस्त्रक्रिया होऊन गेली होती, पुढचे उपचार सुरू होते. बाईंनी मोबाइल पुढे केला. कुणीतरी पाठवलेला मजकूर होता : अमुक वनस्पतीच्या अर्कानं प्रयोगशाळेत यीस्टच्या पेशींची वाढ थांबली, यीस्टची पेशी माणसाच्या पेशीसारखीच असते, सबब हा अर्क कॅन्सरवर चालतो. "सर, यांना द्यायला सुरुवात करू का?"

आम्ही निघायच्या घाईत होतो. म्हणालो, "अहो, यीस्ट म्हणजे पाव फुगवायची बुरशी. तिचा आणि माणसाचा काय संबंध?" बाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या.

घरी पोचेपर्यंत ते उत्तर आम्हाला टोचायला लागलं. अर्क देऊ नका, हा सल्ला बरोबरच होता. पण दिलेलं कारण साफ चुकीचं होतं. यीस्टचा आणि माणसाचा संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. पेशीला 'वाढ' आणि 'थांब' हे हुकूम कसे मिळतात, यातलं बरंचसं ज्ञान आपल्याला यीस्टनं दिलं. उभा जन्म ज्ञानशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसानं बरोबर निष्कर्षाला चुकीचं कारण द्यावं? विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर आम्ही गुण कापले असते.

म्हणून आजचा विषय. आम्ही जीवशास्त्राचे नाही, तत्त्वज्ञानाचे. पण प्रश्न दोन्हीकडचा आहे : यीस्टमध्ये जे दिसलं, ते माणसाबद्दल केव्हा मानावं आणि केव्हा मानू नये?

डोंगरावरचा धूर

न्यायशास्त्रातलं अनुमानाचं उदाहरण आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे अग्नी आहे. कशावरून? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. आणि जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं तळ्यात.

बघा, आपल्या पनवेलला तिन्ही गोष्टी आहेत. समोर कर्नाळ्याचा सुळका, गावात वडाळे तळं आणि घरोघर स्वयंपाकघर. डोंगर म्हणजे 'पक्ष' : जिथलं आपल्याला थेट दिसत नाही, पण जाणून घ्यायचंय. स्वयंपाकघर म्हणजे 'सपक्ष' : जिथे धूर आणि अग्नी यांचं नातं जवळून, हात लावून तपासता येतं. तळं म्हणजे 'विपक्ष' : जिथे अग्नी नाही हे पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणून धूरही दिसता कामा नये. थंडीत पहाटे तळ्यावर धुकं तरंगतं. त्याला धूर समजलात तर सगळं अनुमान कोसळलं.

याच्यापुढे नैयायिकांनी आणखी एक बारकाई सांगितली, तिला म्हणतात 'उपाधी'. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण उलटं करून बघा. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच? नाही. लोहाराच्या भट्टीत तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला लाकूड ओलं लागतं. स्वयंपाकघरात लाकूड ओलं होतं म्हणून अग्नीबरोबर धूर दिसला. आपल्या लक्षात न आलेली ही जी लपलेली अट, तीच उपाधी. ती डोंगरावर नसेल तर स्वयंपाकघरातला धडा डोंगराला लागू होत नाही.

आता आपल्या विषयात डोंगर म्हणजे रुग्णाचं शरीर. तिथे आपल्याला हवं तसं उघडून, मोडून, जोडून पाहता येत नाही. पाहूही नये. स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणारं यीस्ट. आणि तळं कुठलं? ते शेवटी बघू.

स्वयंपाकघरातला प्राणी

यीस्ट खरोखरच स्वयंपाकघरातलं. बेकरीतला पाव त्याच्यामुळे फुगतो. कोकणात माडाची माडी सकाळी गोड असते आणि उन्हं चढली की चढते, ते त्याचंच काम. गोव्यात पाव करायला पूर्वी हीच माडी, म्हणजे त्यांची सूर, पिठात घालत. संस्कृतात याला 'किण्व' म्हणतात. चार्वाकांनी तर या किण्वाचाच दृष्टांत देऊन सांगितलं की जसा सुट्या घटकांत नसलेला मद त्यांच्या मिश्रणात उपजतो, तसं जडातून चैतन्य उपजतं. प्रतिपक्षानं लगेच विचारलं : हा दृष्टांत कुठवर चालतो? आजचा आपला प्रश्न तोच आहे, फक्त किण्व प्रयोगशाळेत गेलंय.

तिथे ते का गेलं? एक म्हणजे यीस्ट हा जिवाणू नाही. त्याच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं आणि त्यात गुणसूत्रं असतात. पेशी इतकी लहान की एका सेंटिमीटरवर सुमारे दोन हजार ओळीनं मावतील. चांगलं खाणं मिळालं तर दीड तासात एकाची दोन होतात. म्हणजे एका पेशीपासून काही दिवसांतच डोळ्यांना दिसणारी वसाहत होते. १९९६ साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान यीस्टला पहिला मिळाला. जनुकं सुमारे सहा हजार. माणसाची वीस हजारांच्या आसपास.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. आपल्या प्रत्येक पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी बहुधा सांभाळून घेते, आणि बिघाड झाकला जातो. यीस्टला मात्र एकाच प्रतीवर जगता येतं. जनुक मोडलं की परिणाम लगेच दिसतो. यंत्रातला एकेक खिळा काढून काय थांबतं ते बघावं, अशी ही सोय आहे.

'रास' नावाचं बटण

आता ज्या प्रथिनाची गोष्ट सांगायची आहे त्याचं नाव 'रास'. धान्याच्या राशीशी किंवा मेष-वृषभाशी त्याचा संबंध नाही. उंदरांत सार्कोमा नावाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूंत हे जनुक आधी सापडलं, म्हणून 'रॅट सार्कोमा' यातली आद्याक्षरं घेऊन 'रास'. माणसात त्याची तीन जनुकं आहेत. त्यांतली दोन आज आपल्याला लागतील : एच-रास आणि के-रास.

रास हे संदेश पोचवणारं प्रथिन आहे. पेशीच्या बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की पेशीपटलाच्या आतल्या बाजूला बसलेलं रास चालू होतं, आणि निरोप आतल्या प्रथिनांकडे जातो. सोसायटीच्या जिन्यातलं टायमरचं बटण आठवा. दाबलं की दिवा लागतो, आणि थोड्या वेळानं आपोआप विझतो. निरोगी रास तसंच आहे. चालू होतं आणि काम झालं की स्वतःच बंद होतं. रास म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतल्या बाराव्या किंवा एकसष्टाव्या मण्यासारख्या काही ठरावीक जागी एखादा मणी बदलला, तर बटण अडकतं. दिवा विझतच नाही. निरोप आलेला नसतानाही पेशी वाढत राहते. माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये असा बाराव्या जागचा बदल १९८२ साली दाखवला गेला.

आणि ही गोष्ट आपल्या घराजवळची आहे. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. पुढे त्याला कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणू लागले, ते टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं, आणि २००२ मध्ये खारघरला आलं. आज आपण त्याला 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणून ओळखतो. पनवेलहून लोकलनं तिसरं स्टेशन. संस्था परळला होती तेव्हा, १९९१ साली, तिथल्या संशोधकांनी तंबाखू चघळणाऱ्या रुग्णांच्या तोंडातल्या गाठी तपासल्या. सुमारे एक तृतीयांश गाठींमध्ये एच-रासचं बटण अडकलेलं सापडलं. पुढे २०१३ मध्ये अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून गालाच्या आतल्या आणि हिरड्यांच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी ५० रुग्णांच्या गाठींतली जनुकं वाचली, मग आणखी ६० जणांत पडताळून पाहिलं. वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत एच-रास होतंच.

म्हणजे त्या बाईंच्या यजमानांना ज्या जातीचा आजार आहे, त्यातल्या काही गाठींत हे बटण बिघडलेलं असतं. सगळ्यांत नव्हे, काहींत. हा फरक लक्षात ठेवा.

अदलाबदलीचा प्रयोग

यीस्टमध्येही रासची दोन जनुकं आहेत. दोन्ही मोडली तर यीस्ट वाढू शकत नाही, एक शिल्लक असलं तरी भागतं. दिसायला ती माणसाच्या रासशी मिळतीजुळती आहेत. पण नुसतं साम्य हा पुरावा होत नाही. पितळ पिवळं आणि सोनंही पिवळं. साम्यावरून फक्त शंका घेता येते. मग खात्री कशी करायची?

१९८५ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या गटानं ती केली. यीस्टची स्वतःची दोन्ही रास जनुकं मोडली आणि त्यांच्या जागी माणसाचं एच-रास घातलं. यीस्ट जगलं. जरा विचार करा. या दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळानंतरही माणसाचा सुटा भाग यीस्टच्या यंत्रात बसला आणि यंत्र चाललं! दिसण्यातलं साम्य एकीकडे, आणि कामात एकाच्या जागी दुसरं उभं राहणं एकीकडे. दुसरा पुरावा कितीतरी पक्का. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, लंडनमध्ये पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका जातीच्या यीस्टवर हेच घडलं. पेशीविभाजनाला हिरवा कंदील दाखवणारं जनुक ज्यात बिघडलं होतं, अशा यीस्टला माणसाच्या जनुकानं सावरलं. त्या जनुकावरच्या कामासाठी नर्स यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यातले एक सहमानकरी लेलँड हार्टवेल, त्यांनीही पावाच्या यीस्टवरच काम केलं होतं.

बरं, यीस्टमधलं रासचं बटण मुद्दाम अडकवलं तर काय होतं? माणसातल्या बाराव्या जागेला यीस्टमधली एकोणिसावी जागा जुळते. तिथला मणी बदलला, आणि बिघाड एका साध्या युक्तीनं दिसला. यीस्ट सुकाळात ग्लायकोजेन साठवून ठेवतं, आपण तांदूळ भरून ठेवतो तसं. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून पाहिलेलं आठवतं ना? तसंच यीस्टच्या वसाहतींना आयोडीनची वाफ दिली की साठा असलेल्या वसाहती तांबूस तपकिरी होतात. बटण अडकलेल्या फिकट राहतात. त्यांनी साठवलेलंच नसतं. खाणं संपलं की शहाणं यीस्ट वाढ थांबवून गप्प बसतं आणि टिकून राहतं. अडकलेल्या बटणाचं यीस्ट दुष्काळातही थांबत नाही, आणि मरतं. उष्णताही त्याला सोसत नाही.

इथून आपल्या हाती काय लागलं? रास हे वाढीचं बटण आहे, एवढंच नाही. थांबता येणं हे पेशीचं कौशल्य आहे आणि तेही रासवर अवलंबून आहे, हे कळलं.

हे बटण बंद करायला मदत करणारी प्रथिनंही यीस्टमध्ये सापडली. आणि १९९० मध्ये, न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात बिघडणारं माणसाचं जनुक हाती आलं तेव्हा कुणालाच त्याचं काम ठाऊक नव्हतं. त्याचा एक भाग यीस्टच्या या प्रथिनांसारखा निघाला. तो भाग यीस्टमध्ये घालून बघितला, तर तिथे त्यानं रास बंद करायचं काम केलं. नसांवर गाठी येणाऱ्या माणसांच्या आजाराचा अर्थ लागला तो पावाच्या बुरशीतून.

आता सांगा, "यीस्टचा आणि माणसाचा काय संबंध?" हे आमचं उत्तर किती पोकळ होतं!

पण धडा कुठवर लागू?

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग झालं तर, यीस्ट म्हणजे छोटा माणूसच. थांबा. त्याच रासची पुढची गोष्ट ऐका.

यीस्टमध्ये रास चालू झालं की ते निरोप देतं अ‍ॅडेनिलेट सायक्लेज नावाच्या एन्झाइमला. साहजिकच लोकांना वाटलं, माणसातही असंच असणार. नव्हतं. आपल्या पेशीत रास मुख्यतः दुसऱ्याच प्रथिनांना निरोप देतं, त्यांतलं 'राफ' हे सर्वांत प्रसिद्ध. बटण तेच, पण त्याची वायर वेगळ्या खोलीत गेलेली. बटण कसं चालू-बंद होतं याबद्दल यीस्ट खरं बोललं. दिवा कुठे लागतो याबद्दल मात्र त्याची साक्ष चालली नाही.

हे प्रमाण साधारण किती असावं? २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या गटानं यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुकं एकेक करून काढली आणि त्या जागी माणसाचं समकक्ष जनुक घातलं. जवळपास निम्म्या वेळा यीस्ट जगलं. निम्म्या वेळा नाही. शंभर कोटी वर्षांच्या दुराव्यानंतर निम्मं जुळणं हे आश्चर्यच आहे. पण निम्मं जुळत नाही, हेही तेवढंच खरं. कुठलं जुळतं ते घरबसल्या ठरवता येत नाही, प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

शेपटीची गोष्ट

आता उपाधीकडे येऊ. ओलं लाकूड आठवतंय ना? हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

रास काम करतं ते पेशीपटलाला चिकटून. चिकटायला त्याला एक स्निग्ध शेपटी लागते, तिचं नाव फार्नेसिल. ही शेपटी जोडणाऱ्या एन्झाइमचा माग यीस्टमध्ये मोठ्या गमतीनं लागला. यीस्टमध्ये दोन 'लिंगं' असतात म्हणा, आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी त्यातलं एक एक छोटं प्रथिन बाहेर सोडतं. १९८६ मध्ये दिसलं की यीस्टचं एक जनुक मोडलं तर दोन गोष्टी एकदम बिघडतात : हे बोलावणं आणि रास. जोडीदाराला हाक मारणं आणि वाढीचं बटण यांचा एकमेकांशी संबंध काय? संबंध शेपटीचा. दोन्ही प्रथिनांना तीच शेपटी लागते आणि ती जोडणारं एन्झाइमही तेच. तीन वर्षांत माणसाच्या रासलाही हीच शेपटी असल्याचं सिद्ध झालं.

मग विचार सुचला तो सरळ आणि सुंदर होता. अडकलेलं बटण दुरुस्त करता येत नसेल, तर शेपटीच जोडू देऊ नका. रास पटलाला चिकटणार नाही, निरोप जाणार नाही. औषधं तयार झाली. यीस्टमध्ये चाललं. एच-रास बिघडवलेल्या उंदरांत तर गाठी अक्षरशः विरघळल्या. मोठ्या आशेनं माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ६०० हून अधिक रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधाला या नव्या औषधाची जोड दिल्यानं रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

काय चुकलं? स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बिघडलेलं असतं ते बहुधा के-रास. आणि के-रासला फार्नेसिल शेपटी मिळाली नाही, तर शेजारचं एक भावंड-एन्झाइम त्याला दुसरीच शेपटी जोडून देतं. पुढचं दार लावलं तर के-रास मागच्या दारानं आत आलं. एच-रासला हे मागचं दार नाही. म्हणजे स्वयंपाकघरात लाकूड ओलं होतं, डोंगरावर कोरडं. प्रयोगात कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळस केला नव्हता. 'रास असेल तर हे औषध चालतं' या वाक्यात 'एच-रास असेल तर' ही अट लपून बसली होती. उपाधी ती हीच! आणि तिची किंमत कुणी चुकवली? आजारी माणसांनी, आशा आणि वेळ खर्चून.

गोष्ट इथे संपली नाही. अट कळल्यावर संशोधक पुन्हा मागे गेले आणि त्यांनी विचारलं, मग ज्यांच्यात एच-रासच बिघडलंय त्यांचं काय? तोंड, घसा, मान या भागातल्या कॅन्सरच्या अशा रुग्णांवर तेच जुनं औषध वापरून पाहिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, ज्यांच्या गाठींत बिघडलेल्या एच-रासचं प्रमाण जास्त होतं अशा २० रुग्णांपैकी ११ जणांच्या गाठी ठळकपणे लहान झाल्या. चाचणी लहान आहे, आणि गाठ लहान होणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे. एवढ्यावरून कुणी औषधाच्या दुकानात धावू नये. पण तर्काच्या दृष्टीनं बघा : अनुमान टाकून द्यावं लागलं नाही. अट उघडी करून त्याची हद्द नीट आखावी लागली, आणि त्या हद्दीत ते पुन्हा उभं राहिलं.

आता त्या बाईंना उत्तर

तर मोबाइलवरच्या त्या मजकुरात चूक नेमकी कुठे होती? यीस्ट वापरलं, यात चूक नव्हती. यीस्ट माणसासारखं आहे, हेही अर्धं खरं. पण तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या.

पहिली : नेमकं काय दाखवलं? 'वाढ थांबली' एवढंच की 'या प्रथिनाचं हे काम थांबलं म्हणून वाढ थांबली'? पावाच्या पिठात मीठ जास्त पडलं तरी पीठ फुगत नाही. यीस्टची वाढ मीठ थांबवतं, व्हिनेगर थांबवतं, चुलीची धग थांबवते. म्हणून मीठ कॅन्सरवरचं औषध ठरत नाही.

दुसरी : तळं कुठे आहे? सुरुवातीला राहिलेला प्रश्न हा. औषधानं बिघडलेल्या पेशीला रोखलं, ठीक. त्याच मात्रेत निरोगी पेशीला ते सोडून देतं का? जिथे बिघाड नाही तिथे परिणाम दिसता कामा नये, हे ज्यानं तपासलं नाही त्यानं अर्धंच अनुमान केलं. जे सगळ्याच पेशींना मारतं ते औषध नव्हे, विष.

तिसरी : मधल्या पायऱ्या कुठे आहेत? यीस्टनंतर माणसाच्या पेशी, मग प्राणी, मग थोडी माणसं, मग पुष्कळ माणसं. प्रत्येक पायरीवर एखादी लपलेली अट सापडू शकते. शेपटीचं औषध तर कसलेल्या संशोधकांच्या हातात होतं, तरी शेवटच्या पायरीवर अडलं. मग पहिल्याच पायरीवरून थेट आपल्या घरातल्या माणसाच्या तोंडात उडी कशी मारायची?

कुणी विचारेल, एवढ्या अटी असतील तर यीस्टवर वर्षं आणि पैसा का घालवायचा? कारण औषध चालतं की नाही, हा प्रश्न यीस्टला विचारायचाच नसतो. त्याला विचारायचं असतं, यंत्रातला कुठला भाग काय करतो. रास थांबायलाही शिकवतं, ते बटण बंद कोण करतं, त्याला शेपटी कोण जोडतं, ही उत्तरं त्यानं चोख दिली. ज्या साक्षीदारानं जे पाहिलं तेवढंच त्याला विचारावं. न पाहिलेलं विचारलं आणि उत्तर चुकलं, तर दोष साक्षीदाराचा नसतो.

त्या बाई आज इथे असतील, किंवा हे लिहून आल्यावर वाचतील, तर आम्ही त्यांना एवढंच म्हणू : बाई, तुमचा प्रश्न योग्य होता आणि आमचं उत्तर उद्धट होतं. अर्क देऊ नका. यीस्ट क्षुद्र आहे म्हणून नव्हे. त्या मजकुरानं यीस्टला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नावावर खपवलंय, म्हणून. आणि तो मजकूर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा, लपवू नका. चालू उपचारांत अशा अर्कानं बाधा येऊ शकते. डॉक्टर रागावतील ही भीती नको, विचारण्यात कमीपणा नाही. गाठीची जनुकतपासणी यजमानांच्या बाबतीत उपयोगाची आहे का, हेही त्यांनाच विचारा. तो निर्णय त्यांचा, आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा नव्हे.

पुढच्या वेळी कुणी 'प्रयोगशाळेत सिद्ध झालंय' असं सांगितलं, तर आपण सगळ्यांनी खिडकीतून एकदा कर्नाळ्याकडे बघावं आणि विचारावं : स्वयंपाकघर कुठलं, तळं कुठलं, आणि लाकूड ओलं होतं का?